नावटोपी

बारशात आत्याच्या वाट्याला काय येतं ते आधी सांगते. बाळाच्या कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं आणि लगेच जमलेल्या सगळ्या बायकांचे पाठीत धपाटे खायचे. बस्स. पाळणा सजवायला इतर असतात, घुगऱ्या वाटायला इतर असतात, मिरवायला तर सगळं गाव असतं. पण तो कुर्र दुसऱ्या कुणाचा नाही, अगदी बाळाच्या आईचासुद्धा नाही. माझ्या धाकट्या भावाचं, श्रीरंगचं लग्न झालं तेव्हापासून मी त्या धपाट्यांची वाट बघत होते.

मी शैलजा निकम. कोरेगाव-रहिमतपूर एसटीवर कंडक्टर आहे. गाडी आता विजेवर चालते, दारातल्या खांबाला मनगट टेकवलं की तिकीट आपोआप निघतं, आणि थांबे सांगायला छतात एका बाईचा गोड आवाज बसवलाय. तो इतका गोड आहे की ऐकता ऐकता माणसाला डुलकी लागते आणि गाव मागे पडतं. म्हणून थांबे अजून मीच ओरडते. लग्न मी केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला मी पुढच्या थांब्यावर उतरवते.

श्रीरंगची बायको रहिमतपूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्याच बसनं जाते-येते. तिचं माहेरचं नाव केतकी. लग्नात आईनं हौसेनं ते बदललं. श्रीरंगला जोड म्हणून श्रीलेखा. ताटात तांदूळ पसरले, श्रीरंगनं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं आणि पेढे वाटले. शाळेच्या कागदांवर मात्र ती केतकीच राहिली. त्यामुळे सकाळी घरातून निघते ती श्रीलेखा, आणि रहिमतपूरला उतरल्यावर शाळेतल्या बायका जिला हाक मारतात ती केतकी. संध्याकाळी उलटा प्रवास. मी बसमध्ये तिला 'मॅडम' म्हणायचे आणि मोकळी व्हायचे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले. मी त्याच आठवड्यात नाव शोधायला घेतलं, एक मुलाचं, एक मुलीचं. माझी कसोटी साधी होती. संध्याकाळी डेपोत गाडी रिकामी झाली की दारात उभं राहून हाक मारायची. ती मागच्या सीटपर्यंत पोचली तर नाव पास. आखूड नावं दोन-तीन बाकांतच संपतात. ड्रायव्हर मोहिते आरशातून बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याला माझ्याबरोबर रोज गाडी चालवायची असते.

मुलीचं नाव पहिल्याच हाकेत मागच्या काचेवर जाऊन आदळलं. ते मी कुणालाही सांगितलं नाही. आत्याचं नाव बारशापर्यंत तिच्या पोटातच राहायला हवं, अशी आपली रीत आहे.

आणि सातव्या महिन्यात, जेवताना, श्रीलेखानं विषय काढला.

"ताई, बाळाचं नाव आपण बाळालाच विचारलं तर?"

मला वाटलं थट्टा करतेय. "विचार की. काय म्हणालं ते मलाही सांग."

"खरंच सांगता येतं आता," ती म्हणाली. "टोपी निघालीय एक."

मग तिनं दिवा घालवला, मोबाइलची बॅटरी लावली आणि तिच्यावर माझा तळहात ठेवला. बोटं आतून लालभडक दिसायला लागली. आई घास हातात धरून बघत राहिली.

"उजेड मांसातून आरपार येतो, बघा. आता रक्तात प्राणवायू भरपूर असेल तर ते उजेड एका तऱ्हेनं शोषतं, कमी असेल तर दुसऱ्या. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. बाळाची कवटी पातळ असते. टोपीत बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड आत जातो आणि थोडा परत येतो. परत आलेल्या उजेडावरून कळतं की आत्ता कुठे रक्त धावलं."

"आणि त्या रक्तात नाव लिहिलेलं असतं होय?" मी विचारलं.

"नाव नाही, ओळख. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला पोटात ऐकू येतं. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू येतं ना, तसं. शब्द कळत नाहीत, पण चाल कळते. रोज ऐकलेली चाल जन्मानंतर पुन्हा कानावर पडली की मेंदू तिला ओळखतो. इतकी वर्षं हे प्रयोगशाळेत बघत होते. आता साधी टोपी झालीय, घरी येऊन लावतात. आपण नावं ठरवायची, मी ती रोज एकेकदा म्हणायची, आणि बारशाला बघायचं तिला-त्याला कुठलं आवडलं."

"आन् आत्या काय करणार मंग?" आईनं विचारलं. मनातल्या मनात मी आईच्या पाया पडले.

"टोपीनं दाखवलेलं नाव ताई कानात सांगतील की."

म्हणजे दुसऱ्यानं ठरवलेलं आपण गोड आवाजात वाचून दाखवायचं. बसच्या छतातली बाई हेच काम करते. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा जोरातच. श्रीरंग ताटात बघायला लागला. बहीण आणि बायको यांच्यामध्ये तो नेहमी ताटात बघतो.

"नाव आयुष्यभर त्या बाळाला वागवायचंय, ताई," श्रीलेखा म्हणाली. "एकदा तरी विचारायला नको?"

तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पण मी रागात होते, आणि रागात मला स्वतःचा सोडून दुसरा आवाज ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी ही बातमी माझ्या आधी बसमध्ये चढली होती. श्रीरंगचं सोलर पंप दुरुस्तीचं दुकान स्टँडसमोर आहे, आणि तिथं सांगितलेली गोष्ट पंपाच्या पाण्यापेक्षा लवकर शिवारात पसरते. त्या टोपीला लोकांनी नावही ठेवून टाकलं होतं. नावटोपी.

"उद्या म्हणतील आईबाप पण निवडून घे," साखर कारखान्यातून रिटायर झालेले दगडूआप्पा म्हणाले. "टोपी घाला, चार बाप दाखवा."

"आप्पा, तुम्हाला टोपी घातली असती तर तुम्ही दगडू निवडलं असतं का?" मागून एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं.

आप्पांनी विचार केला. "मला दिलीप आवडतं," ते म्हणाले आणि सगळी गाडी हसली.

"हे सगळं कंपन्यांचं डोकं आहे," मोहिते गिअरकडे बघत म्हणाला. विजेच्या गाडीला गिअर नाही, पण त्याची सवय जात नाही. "आज नाव विचारतील, उद्या पोरगं कुठलं दूध पिणार ते विचारतील. परवा मत कुणाला देणार तेही."

"पण शास्त्र खोटं न्हाई," दुसऱ्यानं सांगितलं. "आमची म्हस धार काढताना रेडिओ लावला की जास्त दूध देती."

"कंचं गाणं?"

"बातम्या."

दाराशी भाजीची पाटी घेऊन नकुसाबाई बसल्या होत्या. पाचवी मुलगी झाली म्हणून घरच्यांनी ठेवलेलं ते नाव. आमच्या भागात त्या काळी अशा पुष्कळ जणी होत्या. पुढे सरकारनं पोरींची ती नावं बदलून दिली, पण यांच्या कागदांपर्यंत कुणी पोचलंच नाही.

"टोपी लई उशिरा निघाली बाई," त्या पाटीवरचं फडकं नीट करत म्हणाल्या. "आमच्या टायमाला कुनी इचारलं असतं तर म्या काय नकुसा म्हनून सांगितलं असतं व्हय?"

त्या हसत होत्या, म्हणून बाकीचेही हसले. पुढच्या बाकावर श्रीलेखा खिडकीबाहेर बघत होती. सगळ्यांनी मत दिलं, माझं कुणी विचारलं नाही. मी घंटीची दोरी ओढली आणि "धामणवाडी फाटाऽऽ!" म्हणून ओरडले.

घरात मात्र शांततेत निवडणूक सुरू झाली.

टोपीवाल्यांकडून आधीच सूचना आल्या होत्या. नावं फक्त बाळाच्या आईनं म्हणायची, रोज एकदा, सारख्या आवाजात. मुलगा की मुलगी हे कुणालाच माहीत नसल्यामुळे प्रत्येकाचे दोन-दोन उमेदवार उभे होते. मुलींमध्ये आईची अंबिका, कारण कुलदेवी. श्रीलेखाच्या आईची शाल्मली. श्रीरंगची इरा, कारण त्याला लांब नाव लिहायचा कंटाळा. माझं नाव यादीत द्यायला श्रीलेखानं दोनदा विनवलं. मी म्हटलं, माझं नाव परीक्षेला बसत नाही.

यंत्रावर कुणाचाही विश्वास नव्हता. आई सगळ्या गल्लीला सांगायची, "टोपीला काय कळतंय? डोस्कं थोडंच हाय तिला." आणि संध्याकाळी सुनेच्या पायाला तेल चोळताना पोटाकडे तोंड करून म्हणायची, "अंबिके, लाथा मारू नगंस गं. अंबिका माझी गुणाची." चिपळूणहून विहीणबाई डोहाळजेवणाला आल्या. त्यांनी लेकीला मिठी मारली ती जरा खालीच मारली, आणि "शाल्मली, आजी आली हं" असं चांगलं तीन-चार वेळा सांगून घेतलं. श्रीरंग तर पुढारलेला. बायको दुपारी झोपली की तो तिच्या पोटावर इयरफोन ठेवायचा आणि त्यात स्वतःच्या आवाजातली इरा वाजत राहायची. एकदा तो इयरफोन काढायला विसरला. श्रीलेखा उठली आणि चिडण्याऐवजी इतकी हसली की तिला उचकी लागली.

मी यातलं काही केलं नाही. मोठा स्वाभिमान होता माझा. पोटाजवळ जाऊन प्रचार करायला मी काय उमेदवार होते? मी आपली माझी ड्युटी करत होते. श्रीलेखा पुढच्या बाकावर बसायची, पोट सांभाळत, आणि मी तिच्या बाजूला दारात उभी राहून रोज तेच ओरडायचे. चला, पुढे सरका. दार मोकळं करा. धामणवाडी फाटा. चिंचमळा. मारुतीची खिंड. मी तिच्याशी मोजकंच बोलत होते, पण सकाळी तिची जागा धरून ठेवायला विसरत नव्हते.

पोरगी झाली. दवाखान्यात सगळ्यांनी घेऊन झाल्यावर नर्सनं ती माझ्या हातात दिली, आणि मला एकदम कळेना की इतके दिवस मी कुठल्या गोष्टीवर रुसले होते. एवढंसं तोंड, मुठी घट्ट मिटलेल्या, कपाळावर आमच्या वडिलांसारखी आठी. मला रडू आलं. आनंदानं आलं हे मला माहीत होतं, पण श्रीरंगला वाटलं मी अजून रागावलेय, म्हणून तो पुन्हा खाली बघायला लागला.

मी म्हटलं, "काय म्हणता बाईसाहेब?" तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. सगळीच बाळं बघतात म्हणे. बघू देत. माझ्याकडे हिनं पाहिलं.

बारशाला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याला मोगऱ्याचे गजरे होते, स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजत होत्या. नेहमीच्या बारशाला पुरुष ओसरीवर गप्पा मारत बसतात, आज तेही टोपी बघायला आत घुसले होते. बसमधली अर्धी माणसं आली होती. दगडूआप्पा पुढच्या खुर्चीत. नकुसाबाई पाटी बाहेर ठेवून आल्या होत्या.

साताऱ्याहून रुबीना नावाची मुलगी टोपी घेऊन आली. टोपी मऊ सुती होती, आतून बारीक दाण्यांसारखे दिवे. तिनं ती बाळाला घातली आणि टीव्हीवर बाळाच्या मेंदूचं चित्र आलं, सगळं राखाडी.

"ओळखीचं काही ऐकलं की इथं केशरी होईल," रुबीना म्हणाली. "नावं स्पीकरवरून एकाच आवाजात येतील, म्हणजे कुणावर अन्याय नको."

स्पीकरमधून आवाज आला आणि मी कपाळाला हात लावला. छतातल्या बाईची सख्खी बहीण होती ती.

"अंबिका," स्पीकर म्हणाला. राखाडी.

"शाल्मली." राखाडी. बाळानं जांभई दिली.

"इरा." राखाडी.

"पुन्हा लावा," तिघंही एकदम म्हणाले. पुन्हा लावलं. पुन्हा राखाडी. रुबीनानं तारा तपासल्या. मग म्हणाली, बाळाच्या आईनं म्हणून बघावं. श्रीलेखा पाळण्यावर वाकली आणि हळूच म्हणाली, "अंबिका." पडदा केशरी झाला. आईनं हात जोडले. "शाल्मली." तितकाच केशरी. "इरा." तितकाच.

"तिन्ही निवडून आल्या," दगडूआप्पांनी निकाल जाहीर केला.

मग जे व्हायचं ते झालं. विहीणबाई म्हणाल्या, तेल चोळताना कोण काय बोलत होतं ते मला ठाऊक आहे. आई म्हणाली, मिठ्या कुठं मारायच्या असत्यात ते आमालाबी ठावं हाय. श्रीरंगनं दोघींना समजावायला तोंड उघडलं आणि त्याच्या इयरफोनची गोष्ट बाहेर आली. पडद्यावर काय दिसतंय ते बघायला मागचे लोक पुढे रेटायला लागले. दारात कोंडी झाली. कुणाचा तरी धक्का पाळण्याला लागला आणि पाळणा हलला.

माझ्या तोंडून आपोआप निघालं. "चलाऽऽ, पुढे सरका पुढे! दारात थांबू नका, दार मोकळं करा! मागं जागा आहे!"

गर्दी सरकली. कोरेगावची माणसं आहेत, या आवाजाला सरकायची त्यांना सवय आहे. पण मग सगळे गप्प का झाले ते मला कळेना. मी वळून बघितलं. पडदा केशरी झाला होता, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"काही तरी बिघडलं," रुबीना म्हणाली. "काकू, परत बोला बरं."

"काय बोलू?"

"काहीही."

काहीही म्हटल्यावर मला एकच गोष्ट येते. "धामणवाडी फाटाऽऽ," मी म्हणाले, जरा बेतानं. केशरी. "चिंचमळा." केशरी. बाळाचे पाय पाळण्यात सायकल चालवायला लागले.

"आता नावं म्हणा."

अंबिका म्हटलं, केशरी. शाल्मली म्हटलं, केशरी. इरा, केशरी. मग मागून कुणी तरी म्हणालं, आप्पांचं म्हणून बघा. मी म्हटलं, "दगडू," आणि टीव्ही पेटल्यासारखा झाला. आप्पा खुर्चीत मागे टेकून बसले. इतका मान त्यांना साखर कारखान्यानंही दिला नव्हता.

रुबीना पडद्याजवळ जाऊन आकडे बघत होती. "हिला नावं ओळखीची नाहीत," ती शेवटी म्हणाली. "आवाज ओळखीचे आहेत. आईचा आहे, तो असतोच. आणि ह्या काकूंचा. जवळजवळ आईइतकाच. तुम्ही रोज पोटाजवळ काही म्हणत होता का?"

"थांबे," मोहिते म्हणाला. "रोज, जाताना आणि येताना."

सगळे इतके हसले की बाळ दचकलं, आणि तिला दचकलेलं बघून पुन्हा हसले. मला मात्र हसू येईना. मी रुसून बसले होते आणि ही पोरगी पोटात बसून सगळा वेळ माझं ऐकत होती.

"टोपी म्हणते, नाव बाळाला सांगता येत नाही," रुबीनानं सांगितलं. "तुमचं तुम्ही ठरवा."

म्हणजे मी जिंकले होते. आई मला खुणेनं म्हणाली, चल आता, कर कुर्र. पण श्रीलेखानं टोपी काढली, बाळाला उचललं आणि दुपटं बदलायला आतल्या खोलीत गेली. तिचा चेहरा मी बसच्या आरशात रोज बघते, आज तो उतरला होता. मी तिच्या मागे गेले.

ती दुपट्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"मीच वेडी," ती म्हणाली. "शिकवते विज्ञान आणि बारा दिवसांच्या पोरीकडे मत मागते. पण ताई, मला एवढंच हवं होतं की कुणी तरी तिला विचारावं. माझ्या वेळी ताटात तांदूळ पसरले तोपर्यंत मलाच माहीत नव्हतं की मी श्रीलेखा होणार. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. आईंनी प्रेमानंच ठेवलं. नाव वाईटही नाही. कुणी एकदा विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं."

इतकी वर्षं ही बाई रोज दोन नावांच्या मध्ये जा-ये करत होती, माझ्याच गाडीतून, आणि मी 'मॅडम' म्हणून मोकळी होत होते. मला तिची फार माया आली. तिच्या हातातलं दुपटं मी काढून घेतलं.

"तिला विचारता येत नाही," मी म्हटलं. "तुला येतं. माझ्या मनात कालिंदी आहे. चालेल का?"

ती बघत राहिली. आत्या बारशाआधी नाव फोडत नाही हे तिलाही माहीत होतं.

"नाही म्हटलंस तरी चालेल. मी रुसणार नाही. फार तर दोन दिवस."

ती हसली. मग तिनं ते नाव तोंडात घोळवून बघितलं, एकदा हळू, एकदा जरा मोठ्यानं. बाळाकडे बघून म्हटलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मागच्या सीटपर्यंत जाईल," ती म्हणाली.

म्हणजे मोहित्यानं सांगितलं होतं तर. त्याच्याकडे नंतर बघणार होते.

आम्ही बाहेर यायला वळलो तर दारात आई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. पातेल्यातली वाफ डोळ्यांत गेल्यासारखं करून तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढे झाली.

बाळाला पाळण्यात घातलं. बायकांनी पाळणा म्हटला. हात मोकळे करून सगळ्या जणी माझ्या पाठीमागे जमल्या, नकुसाबाई सगळ्यांत पुढे. मी वाकले. बाळाच्या कानाला मोगऱ्याचा आणि दुधाचा वास येत होता. मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं, अगदी हळू, फक्त तिला. मग सरळ उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि ओसरीपलीकडच्या रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले.

"केतकीची कालिंदीऽऽ!"

धपाटे पडले नाहीत. उचललेले हात वरच राहिले. सगळ्या माझ्या आईकडे बघत होत्या. श्रीरंगही, चक्क मान वर करून. श्रीलेखाच्या एका हातात पाळण्याची दोरी होती, ती तिनं ओढायची थांबवली.

आईनं पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. सावकाश माझ्यामागे आली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पाळण्यावरच पडायची. मग बाकीच्याही तुटून पडल्या. पाठ अजून आठवण काढते. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

त्या गोंधळात बाळ रडायला लागलं. आईनं तिला पाळण्यातून उचललं, खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि गर्दीतून वाट काढत सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"केतकी," आई म्हणाली, "घे गं लेकीला. भूक लागलीया तिला."

"आले, आई," केतकी म्हणाली.